तीन सूर्य गेले कुठे?

मुलांनो, गोष्ट आहे सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा पृथ्वीवर ना झाडं होती, ना प्राणी. पाण्यात इवलेसे जीव तेवढे होते. आणि दूर, फार दूर, दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत होती. एकात ३६ सूर्यांचं वस्तुमान, दुसऱ्यात २९ सूर्यांचं! ३६ सूर्य मावले होते जेमतेम दोनशे किलोमीटर रुंदीच्या जागेत. तिथून प्रकाशालाही सुटका नाही.

असं का होतं? आइन्स्टाइननी १९१५ मध्ये सांगितलं, की वस्तुमानाभोवती अवकाश वाकतं आणि काळही मंदावतो. आपल्या पृथ्वीजवळसुद्धा, बरं का! मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं, त्यांच्या वेगाचा हिशोब धरूनही, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर रस्ता चुकलाच म्हणून समजा.

तर ती दोन कृष्णविवरं फिरता फिरता जवळ येत गेली. शेवटी प्रकाशाच्या निम्म्या वेगाने फिरली आणि एक झाली. नवं कृष्णविवर घंटेसारखं क्षणभर थरथरलं. असं थरथरणं गणितातून आधीच दाखवलं होतं आपल्या भारतीय शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी, १९७० मध्ये!

आता बेरीज करा. ३६ आणि २९ किती? ६५. पण नवं विवर भरलं ६२ सूर्यांचं. मग तीन सूर्य गेले कुठे? त्यांची झाली ऊर्जा, आणि ती अवकाशालाच ताणत-आकसत लाटांच्या रूपाने निघाली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी ती लाट अमेरिकेत लिव्हिंग्स्टनला पोचली आणि सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. तिथल्या लायगो वेधशाळांच्या चार किलोमीटर लांब भुजा प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या भागाइतक्याच हलल्या, तरी ते टिपलं गेलं! एवढासा संकेत गोंगाटातून निवडायच्या पद्धती घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधरांचं मोठं काम आहे.

पण दोनच वेधशाळांवरून लाट नेमकी कुठून आली ते नीट ठरत नाही. त्यासाठी दूरवर आणखी वेधशाळा हव्यात. म्हणून हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती सुरू झाली, की दुर्बिणी आकाशात कुठे वळवायच्या हे जगाला सांगण्यात हिंगोलीचाही वाटा असेल.