सांडवा नसलेला तलाव

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही मामा तलावाच्या पाळीवर गेलं की सांडवा शोधावा लागत नाही. हे माजी मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, पाऊस आपल्या मापाने पडत नाही. जास्तीच्या पाण्याला वाट ठेवली नाही, तर ते पाळ फोडून खालच्या धानाच्या बांध्यांत शिरतं.

संगणकाच्या मेमरीतही असे छोटे तलाव असतात. त्यांना बफर म्हणतात. बाहेरून आलेलं नाव, पासवर्ड किंवा फाइल आधी तिथे साठते. सी भाषेत मात्र सांडवा प्रोग्रामरनेच बांधायचा असतो. तो विसरला आणि शंभर अक्षरांच्या जागेत दोनशे आली, की उरलेली शेजारच्या जागेत सांडतात. तिथे अनेकदा पुढची आज्ञा कुठून घ्यायची याचा पत्ता असतो. हल्लेखोर तोच बदलतो आणि यंत्र त्याचं ऐकू लागतं. हा ‘बफर ओव्हरफ्लो’.

डिरेक्टरी सर्व्हरमध्ये ही चूक फार महाग पडते. कारण तो म्हणजे संस्थेच्या संगणकांचा सातबारा. कोणाला काय उघडता येतं, याची नोंद त्यात असते. २००४ मध्ये ‘सॅसर’ वर्म, म्हणजे आपणहून फैलावणारा घातक प्रोग्राम, पसरला तो विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी निगडित कोडमधून. तिथे नोंदी लिहिणारं एक फंक्शन मजकुराची लांबीच तपासत नव्हतं.

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हा तसाच घातक प्रोग्राम आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक होती विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधला बफर ओव्हरफ्लो. दुसरी, चोरलेले पासवर्ड. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. जगभर पसरलेल्या मर्स्कचे डिरेक्टरी सर्व्हर पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तेव्हा तिथली वीज गेली होती! त्यातला डेटा मग नायजेरियामार्गे माणसाकरवी इंग्लंडला पोहोचवावा लागला. भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या आपल्याला हे ऐकून गंमत वाटेल, पण वीज जाण्याच्या भरवशावर कुणी सातबारा ठेवत नाही.

त्या ओव्हरफ्लोची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. म्हणजे हातात साडेतीन महिने होते. आपल्याकडे तलावाची पाळ उन्हाळ्यातच नीट करून घेतात. मृगाचा पाऊस लागल्यावर कुदळ शोधत फिरत नाहीत.