दिलेलं मूत्रपिंड परकं का ठरतं?

आई मुलाला स्वतःचं मूत्रपिंड देते आणि मुलाचं शरीर तेही नाकारू बघतं, हे ऐकून जीव गलबलतो. रक्ताच्या नात्यातलं असून परकं कसं?

मैत्रिणींनो, आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे घराचा राखणदार. शरीराच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. निम्म्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून आलेल्या. अनोळखी खूण दिसली की राखणदार धावून जातो. मग तो जंतू असो, नाहीतर जीव वाचवणारं मूत्रपिंड. म्हणूनच १९५४ साली बोस्टनला पहिलं यश आलं ते एकसारख्या जुळ्या भावांत. पुढे राखणदाराला आवरणारी औषधं निघाली आणि १९७१ साली आपल्याकडे वेल्लोरलाही यश आलं.

सख्ख्या भावंडांत सगळ्या खुणा जुळण्याचा संभव चारात एक. पण आता औषधं चांगली असल्याने बायकोचं मूत्रपिंडही नवऱ्याला चालू शकतं. नवऱ्याचं बायकोला देताना मात्र एक पेच असतो. गरोदरपणी बाळाच्या अंगी असलेल्या नवऱ्याच्या खुणा बाईच्या शरीराला दिसतात, आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असू शकतात. ‘क्रॉसमॅच’ तपासणीत ते कळतं.

शस्त्रक्रियेनंतर घरी एवढं सांभाळा:

● गोळ्या जन्मभर, ठरल्या वेळीच. “आता बरं वाटतंय” म्हणून एक दिवसही चुकवू नका.

● शेजारीपाजारी प्रेमानं गुळवेलीचा काढा सुचवतील, “प्रतिकारशक्ती वाढेल” म्हणतील. इथं तीच तर दाबून ठेवायची आहे! डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

● पपनस नको. त्यानं काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बिघडतं.

● राखणदार पेंगलेला, म्हणजे खऱ्या जंतूंनाही वाट मोकळी. कोल्हापूरकराला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कितीही प्रिय असो, या माणसाला दूध उकळूनच द्यायचं.

● रक्ततपासणी टाळू नका. शरीर मूत्रपिंड नाकारू लागलं तरी सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही. रक्तातलं क्रिएटिनीन तेवढं वाढतं. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

वेळेवर कळलं तर हा हल्ला बऱ्याचदा औषधांनी आवरता येतो. तेव्हा गोळ्यांची वेळ आणि तपासणीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आजच लिहून ठेवा.