गाठ पुन्हा आली तर

खालाजानच्या मानेतली गाठ दीड वर्षाने पुन्हा हाताला लागली. घरात पहिला सवाल निघाला, "आता त्यांना आणखी किमो कशाला?" सवाल मायेपोटीच होता, पण किमोशिवाय दुसरा इलाज नाही, हे गृहीत धरलेले होते.

त्यांचा आजार लिंफोमा, बी-पेशींचा कर्करोग, झपाट्याने वाढणारा. या प्रकारात पहिल्याच उपचाराने दहापैकी साधारण सहा रुग्ण बरे होतात. किमोसोबत त्यात रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड देतात. अमेरिकेत १९९७ साली त्याला मंजुरी मिळाली. हैदराबादच्या कंपनीने २००७ मध्ये आपली आवृत्ती काढली, तेव्हा आपल्याकडे ते जरा आवाक्यात आले. प्रतिपिंड बी-पेशीवरच्या सीडी-२० या प्रथिनाला चिकटते, आणि अशी खूण झालेली पेशी शरीराची संरक्षण यंत्रणा मारते.

आजार परतला की पूर्वी जबर किमो आणि स्टेमसेल प्रत्यारोपण हाच मुख्य मार्ग होता. सत्तरीच्या माणसाला तो सहसा झेपत नाही. आता पोलाटुझुमॅब आहे. ते विष पाठीवर घेऊन थेट कर्करोगाच्या पेशीत उतरवते. ग्लोफिटामॅब आणि एपकोरिटामॅब तर दोन तोंडांची: एका तोंडाने बी-पेशी धरतात, दुसऱ्याने आपल्याच लढाऊ टी-पेशीला तिच्याजवळ खेचून आणतात. आधीचे दोन किंवा अधिक उपचार फसलेल्या रुग्णांवर ग्लोफिटामॅबची चाचणी झाली. शंभरात ३९ जणांच्या तपासणीत रोगाचा मागमूस उरला नाही. बाकीच्या ६१ जणांना ते साधले नाही, हेही घरात स्पष्ट बोलले पाहिजे.

टी-पेशी चवताळल्या की ताप येतो, रक्तदाब घसरतो. म्हणून सुरुवातीच्या डोसांना रुग्णालयात लक्ष ठेवतात. घरी आल्यावर ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहत बसायचे नाही. त्याच रात्री डॉक्टरांना कळवायचे. (आमच्याकडे ताप म्हटला की आधी काढा! या वेळी नाही.)

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी आम्हाला बजावल्या. गाठीचा तुकडा पुन्हा तपासायचा, कारण परतलेल्या गाठीवर कधी कधी सीडी-२० उरलेलेच नसते. आणि हिपॅटायटिस-बीची तपासणी आधी हवी, कारण शरीरात दबून बसलेला तो विषाणू या औषधांनी उसळू शकतो.

मंगळवारी बायोप्सी झाली. खर्चाचा हिशेब मामूंनी मांडायला घेतला आहे. खालाजान म्हणाल्या, "अहवाल येऊ दे, मग मला विचारा. माझ्याऐवजी तुम्हीच ठरवू नका."