परदेशी शिकणाऱ्या मुलांची उमेदवारी व तिचा परवाना

आपल्या पेढ्यांवर मुलगा कामास कधी लागला याची नोंद कोणी ठेवीत नाही. शाळा सुटल्यावर तो गादीच्या कडेला येऊन बसतो, नमुन्याच्या पुड्या उघडून दाखवितो, वजनाची चिठ्ठी लिहितो, आणि चार-सहा वर्षांनी एके दिवशी ध्यानात येते की तो व्यापारी झाला आहे. या शिक्षणास आपण उमेदवारी म्हणत आलो. तीत पगार नसतो, करार नसतो, सरकारी कागद तर मुळीच नसतो. हीच उमेदवारी आता आपली मुले-मुली अमेरिकेत करू लागली आहेत. तिचे तेथील नाव इंटर्नशिप. मात्र तेथे ती प्रथम कागदावर यावी लागते व मग कामावर. आपली चाल व तेथील कायदा यांतील या एका अंतरामुळे चांगल्या घरची, अभ्यासू मुले संकटात सापडतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व धंदा बेळगावात धान्याच्या घाऊक विक्रीचा. तथापि नात अमेरिकेस शिकावयास गेल्यापासून तिचे कागद वाचणे प्राप्त झाले. वाचता वाचता असे आढळले की, बाजार समितीचे परवाने, गेटपास आणि मुदती यांत ज्याची हयात गेली त्यास हे नियम उमगण्यास कठीण नाहीत. वकिलाच्या बुद्धीपेक्षा येथे मुनिमाची दक्षता अधिक उपयोगी पडते. आणि हा विषय आता दोन-चार घरांपुरता राहिलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ झाली व त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिले स्थान घेतले. यांपैकी ९७,५५६ जण शिक्षण संपवून कामाच्या परवान्यावर होते. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या सभासदांच्या घरांत चौकशी केली तर यातील काही नावे निश्चित निघतील.

पहिली गोष्ट ही की, एफ-१ नावाचा जो व्हिसा मुलास मिळतो तो शिकण्याचा असतो, काम हा त्यातील अपवाद असतो. महाविद्यालय आय-२० नावाचा कागद देते. तो मुलाचा खरा गेटपास समजावा. महाविद्यालयातच एक नियुक्त अधिकारी असतो, त्यास डीएसओ म्हणतात. परवान्याचा प्रश्न मित्रांना, मामांना वा दलालांना न विचारता त्याच अधिकाऱ्यास विचारावा व उत्तर लेखी घ्यावे. महाविद्यालयाच्या आवारातील काम, उदाहरणार्थ ग्रंथालयात, भोजनगृहात किंवा प्राध्यापकाच्या हाताखाली, सत्र चालू असता आठवड्यास २० तासांपर्यंत करता येते व सुटीत पूर्णवेळ करता येते. आवाराबाहेर पाऊल टाकले की निराळा परवाना लागतो.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. कोणाची बहीण कॅनडात असते, कोणाचा भाचा इंग्लंडात असतो, व ते सांगतात की आमच्याकडे मुले दुकानात राजरोस काम करतात. ते खरेच सांगतात. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांस सत्रकाळात आवाराबाहेर आठवड्यास २४ तास काम करण्याची मुभा दिली आणि इंग्लंडात पदवीच्या विद्यार्थ्यास सत्रकाळात २० तासांची मुभा असते. परंतु एका बाजाराचा परवाना दुसऱ्या बाजारात चालत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

आता शिक्षण चालू असतानाच्या उमेदवारीविषयी. तिच्या परवान्यास सीपीटी असे संक्षिप्त नाव आहे. ते काम अभ्यासक्रमाचाच अविभाज्य भाग असले पाहिजे, ही त्याची मुख्य अट. जो हिशेबशास्त्र शिकतो त्याने हिशेबाच्या पेढीत काम करावे. त्याने हॉटेलात ताटे उचलली तर ते यात बसत नाही. कंपनीचे पत्र आणावे, ते महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यास दाखवावे, व तो आय-२० वर कंपनीचे नाव, आरंभाची तारीख, शेवटची तारीख आणि अर्धवेळ की पूर्णवेळ हे नोंदवितो. सरकारकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही. धान्याच्या वाहतुकीस परवाना लागे तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा कागद ओळखीचा वाटेल. अमुक माल, अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी, अमुक तारखेपर्यंत. गाडी एक दिवस आधी निघाली तरी ती बिनपरवाना ठरे. येथेही तसेच. कंपनी म्हणाली, "सोमवारी नाही तर शुक्रवारीच ये," म्हणून मुलगा तारखेपूर्वी जाऊन बसला, तर त्याचे ते दोन-चार दिवस विनापरवाना झाले. कंपनी बदलली तर परवानाही नवा.

हा परवाना सामान्यतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतो. केवळ काही पदव्युत्तर अभ्यासक्रम, ज्यांत पहिल्यापासूनच प्रत्यक्ष काम सक्तीचे असते, त्यांस अपवाद आहे. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, तिकडे पालकांचे लक्ष क्वचितच जाते. अमेरिकेतील उमेदवारीचा मुख्य हंगाम मे ते ऑगस्ट असतो, व मोठ्या कंपन्यांची निवड त्याच्या आधीच्या शरदापासून सुरू होते. ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या मुलाची मेपर्यंत दोन सत्रे होतात. त्यास पहिल्याच उन्हाळ्यात जाता येते. जानेवारीत दाखल झालेल्याचे तेव्हा एकच सत्र झालेले असते, त्यामुळे सामान्यतः त्याचा पहिला हंगाम हुकतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक हंगाम हुकणे ही लहान बाब नव्हे. ज्यांस निवड करता येत असेल त्यांनी ऑगस्टचाच प्रवेश धरावा, असे माझे मत आहे.

आणखी एक. पूर्णवेळ, म्हणजे आठवड्यास २० तासांहून अधिक असे सीपीटीचे काम १२ महिने वा त्याहून जास्त झाले, तर पदवीनंतरच्या परवान्याचा हक्क त्या पातळीपुरता बुडतो. अर्धवेळ काम यात मोजले जात नाही. म्हणून अकरा महिने झाले की हिशेब पाहावा.

पदवीनंतरच्या परवान्यास ओपीटी म्हणतात. तो शिक्षणाच्या प्रत्येक पातळीस १२ महिन्यांचा असतो, आणि येथे मात्र सरकारकडे अर्ज करून कार्ड मिळवावे लागते. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि महाविद्यालयाच्या अधिकाऱ्याने शिफारस नोंदविल्यापासून ३० दिवसांच्या आत तो पोहोचला पाहिजे. कार्ड हाती येऊन त्यावरील तारीख उजाडल्याशिवाय कामावर जाता येत नाही. काम शिकलेल्या विषयाशी प्रत्यक्ष संबंधित असावे व आठवड्यास निदान २० तासांचे असावे. या वर्षात एकूण ९० दिवसांहून अधिक काळ काम नसेल तर परवान्याचा आधारच जातो. मुले नोकरी शोधण्यास घाईने का धावतात, याचे उत्तर या ९० दिवसांत आहे.

विज्ञान, तंत्रशास्त्र, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांस आणखी २४ महिने मिळू शकतात. ही वाढ पूर्वी, म्हणजे २००८ पासून, १७ महिन्यांची होती; २०१६ मध्ये ती २४ झाली. यासाठी मालक ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणीत नोंदलेला असावा लागतो, मुलास पगार द्यावा लागतो, व आय-९८३ या नमुन्यात काय शिकविणार याचा लेखी आराखडा द्यावा लागतो. व्यापाऱ्यांच्या मुलांस येथे एक सूचना. आपली बहुतेक मुले व्यापारशास्त्राकडे जातात, व सर्वसाधारण व्यवस्थापनाची पदवी या यादीत येत नाही. परंतु व्यवस्थापनाचे काही अभ्यासक्रम, उदाहरणार्थ मॅनेजमेंट सायन्स वा व्यापारी संख्याशास्त्र, त्या यादीत आहेत. पदवीच्या नावावर भुलू नये. आय-२० वर विषयाचा सहा अंकी क्रमांक छापलेला असतो, त्यावरून ठरते. प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी तो क्रमांक विचारावा. शुल्क जवळपास तेवढेच, पण एकास एक वर्ष व दुसऱ्यास तीन.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्या मुद्द्याकडे येतो. माझ्या नात्यातील एका मुलाचे मामा तेथे किराणा दुकान चालवितात. त्यांनी प्रेमाने सांगितले, "शनिवार-रविवार काउंटरवर बसत जा. पगार कसला, घरचाच आहेस. जेवण, राहणे आमच्याकडे." येथे असे कोणी म्हटले तर ते उपकार ठरतील. मुलाने सुदैवाने महाविद्यालयात विचारले व नकार मिळाला. मामांस राग आला, आणि इकडे बहिणीसही वाईट वाटले. परंतु तेथील कायद्याच्या दृष्टीने नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानात, जे काम पगार देऊन करवून घेतात तेच काम फुकट करणे हे कामच होय. जेवण व राहणे हा त्याचा मोबदलाच ठरतो. रोख दिले, नोंद केली नाही, म्हणून ते कायदेशीर होत नाही. उलट लपविल्याची भर पडते. आणि हा धोका केवळ भाच्यास नाही. १९८६ च्या कायद्याने प्रत्येक मालकावर हे बंधन घातले आहे की, कामावर घेतलेल्या माणसाचा परवाना पाहून आय-९ हा नमुना काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत पुरा करावा. म्हणजे मामांचे दुकानही गोत्यात येते. माया असावी, पण ती काउंटरच्या अलीकडे.

याचा परिणाम किती कठोर असतो ते पाहावे. काही कारणाने मुलाचे विषय कमी पडले, किंवा त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने कागद वेळेवर झाला नाही, तर पूर्वस्थितीवर घेण्यासाठी अर्ज करण्याची सोय नियमात आहे. परंतु त्याच नियमात अट आहे की, अर्जदाराने विनापरवाना काम केलेले नसावे. इतर चुकांस दार थोडे उघडे आहे. या एका बाबतीत ते बंद.

परवाना विकणारी दुकानेही तेथे निघाली. पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ कामाचा कागद देऊ, वर्गास येण्याची आवश्यकता नाही, अशी लालूच ती दाखवितात. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला. तेथील बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते, व त्यांतील काहींच्या पायांस पहाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले. संस्थेच्या चालक बाईस २०१४ मध्ये १६ वर्षांची सजा झाली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाचा प्रकार उघडकीस आला. तेथे ना वर्ग होते, ना शिक्षक. ते विद्यापीठ अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या गुप्त अधिकाऱ्यांनीच थाटले होते. पहिल्या धरपकडीत १३० विद्यार्थी सापडले, त्यांत १२९ भारतीय. आपल्या वकिलातीस त्यांच्यासाठी अहोरात्र दूरध्वनीची सोय करावी लागली. सरकारने असा सापळा लावावा की नाही यावर तेथेही पुष्कळ टीका झाली, व ती मला रास्त वाटते. परंतु ज्या पालकांनी कर्ज काढून शुल्क भरले त्यांचे पैसे त्या टीकेने परत आले नाहीत.

कर्जाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मुले विनापरवाना कामाकडे वळतात ती बहुधा चैनीसाठी नव्हे, तर घरच्या कर्जाच्या चिंतेने. येथून दर आठवड्यास "हप्त्याचे कसे?" असे आपणच विचारीत असतो. वास्तविक बँकांच्या शैक्षणिक कर्जात सामान्यतः अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहते. तेव्हा घर सोडण्यापूर्वीच वडिलांनी मुलासमोर वही उघडून सांगावे की रक्कम किती, व्याज किती, आणि हप्ता कोणत्या महिन्यापासून. मुलाची तेथील कमाई भांडवलात धरून जो आकडा जुळतो, तो जुळलेला समजू नये.

नियम बदलतात हेही ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या वास्तव्यास ठराविक मुदत घालण्याविषयी तेथील सरकारने नवा मसुदा प्रसिद्ध केला. यास्तव या लेखातील आकडे पाठ करून न ठेवता, अर्जाच्या वेळी अधिकाऱ्याकडून ताजा नियम घ्यावा. जुने आय-२० फेकू नयेत. परवान्याचे कार्ड, कंपनीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती एक संच तेथे व एक येथे अशा ठेवाव्यात.

पगाराच्या चिठ्ठीविषयी शेवटचे. तेथे पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर या नावांनी काही रक्कम कापतात. एफ-१ वरील विद्यार्थ्यास परवान्याच्या कामावर सामान्यतः पहिली पाच कॅलेंडर वर्षे ही कपात माफ असते, परंतु पुष्कळ कंपन्यांच्या हिशेबनिसांस ते ठाऊक नसते. कापली असल्यास ती रक्कम प्रथम कंपनीकडे मागावी. तिने न दिल्यास ८४३ क्रमांकाच्या नमुन्यावर कर खात्याकडे अर्ज करता येतो. उत्पन्न काहीच नसले तरी ८८४३ हा नमुना दरवर्षी भरावयाचा असतो. दोन्ही क्रमांक जवळजवळ सारखे असल्यामुळे मुले गोंधळतात, म्हणून ते येथे मुद्दाम अंकांत दिले आहेत.