कुलूप लावण्याआधी फ्रीज पाहा

गणपतीला गावी जायची तिकिटे हातात पडली, की मुंबई-ठाण्यातल्या घरांत आवराआवर सुरू होते. गौरी-गणपती उरकून परतणारे आठवडाभर, तर अनंत चतुर्दशीपर्यंत थांबणारे दहा-बारा दिवस घराबाहेर असतात. निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद होतो, नळ तपासले जातात आणि शेवटी कोणीतरी मेन स्विच खाली करतो. वीज वाचते, शॉर्टसर्किटची धास्तीही राहत नाही. सवय चांगली आहे. पण त्याच मेन स्विचवर फ्रीज चालतो, आणि फ्रीजमध्ये अन्न असते, काही घरांत औषधेही असतात. म्हणून विजेची बचत करताना दोन गोष्टींचा आधी विचार करावा लागतो : फ्रीज आणि साठलेले पाणी.

वीज जाते कुठे?

हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज लागते. रिमोटने टीव्ही बंद केला तरी सेट-टॉप बॉक्सचा दिवा जळत असतो आणि वायफायचा राउटर चोवीस तास चालू असतो. दोन्ही मिळून २० वॅट धरले, तर दहा दिवसांत ४.८ युनिट होतात. फ्रीजचा वार्षिक वापर त्याच्या स्टार लेबलवर छापलेला असतो. तो २४० युनिट असेल, तर दहा दिवसांचे साधारण साडेसहा युनिट होतात. म्हणजे दोन लहानशा डब्या जवळजवळ फ्रीजइतकीच वीज खातात. गीझरचे बटण चुकून चालू राहिले, तर टाकीतले पाणी निवेल तसे तो ते पुन्हा पुन्हा तापवत राहतो.

यातून सोपा मार्ग निघतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, गीझर, मायक्रोवेव्ह, मोबाइलचे चार्जर हे सगळे भिंतीवरच्या बटणापासून बंद करावे. तीन-चार दिवसांसाठीच जायचे असेल, तर नाशवंत पदार्थ संपवून फ्रीज चालू ठेवला तरी चालतो. आठवड्याहून अधिक काळासाठी फ्रीज बंद करणे फायद्याचे, पण आधी तो पूर्ण रिकामा करायला हवा. अर्धवट भरलेला फ्रीज बंद करून जाणे, हा मात्र सर्वांत वाईट पर्याय.

वास येत नाही म्हणून अन्न चांगले?

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जिवाणू वेगाने वाढतात. परिस्थिती अनुकूल असेल, तर काही जिवाणूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. वीज गेल्यावर दार बंद ठेवले, तरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला गारवा चारेक तासच टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर फार तर दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस.

पावसाळ्यात आपल्यामागे घरची वीज दीड-दोन दिवस जाऊन परत आली, तर ते कळायला मार्ग नसतो. परतल्यावर फ्रीज थंडगार असतो, मासळी पुन्हा गोठलेली असते आणि सगळे ठीक दिसते. यावर एक साधी युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा फ्रीझरमध्ये बर्फ करावा आणि त्यावर एक नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे वरच असेल, तर बर्फ वितळला नव्हता. ते बर्फात खाली रुतलेले असेल, तर फ्रीझरमधले पदार्थ टाकून द्यावेत.

‘चांगले उकळून घेतले की झाले’ हा समज धोक्याचा आहे. स्टॅफिलोकोकस आणि शिळ्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस हे जिवाणू अन्नात विष तयार करतात. उकळल्याने जिवाणू मेले तरी त्यांची काही विषे टिकून राहतात. असे अन्न खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. लहान मुले आणि वृद्ध यांच्या शरीरातले पाणी त्यामुळे झपाट्याने कमी होते.

इन्सुलिनचे काय?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुधा चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, मात्र तापमान २५ ते ३० अंशांच्या वर जाता कामा नये. नेमकी मर्यादा वेष्टनातल्या माहितीपत्रकात दिलेली असते. उष्णतेने बिघडलेले इन्सुलिन दिसायला अनेकदा पूर्वीसारखेच असते. बिघाड कळतो तो रक्तातली साखर वाढल्यावर.

म्हणून शिल्लक कुप्या शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात किंवा आपला फ्रीज चालू ठेवावा. प्रवासात लागणारे इन्सुलिन हातातल्या पिशवीत असावे, बसच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. बर्फाला थेट टेकवूही नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. गावी फ्रीज नसेल, तर एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि आतल्या मडक्यात कुपी ठेवावी. मात्र पावसाळी दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि मडके कमी गार होते, हे लक्षात असू द्यावे.

बंद घरातले डास

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. गणपतीला घर बंद राहते तेही जवळपास तितकेच दिवस. फ्रीज चालू असताना मागच्या ट्रेमधले पाणी कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळत जाते. बर्फ न काढता फ्रीज बंद केला, तर वितळलेले पाणी त्या ट्रेमध्ये साचून राहते. म्हणून फ्रीज आदल्या रात्रीच बंद करावा, सकाळी तो पुसून ट्रे रिकामा करावा आणि बुरशी धरू नये म्हणून दार किंचित उघडे ठेवावे. बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी नुसती ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही काही महिने तग धरतात, त्यामुळे कडा घासून काढाव्यात. कमोडचे झाकण लावावे.

परतल्यावर

आधी खिडक्या उघडाव्यात आणि सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. गीझरमध्ये बरेच दिवस कोमट राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसांत गेले, तर न्यूमोनिया होऊ शकतो. निरोगी माणसाला धोका कमी असतो. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी मात्र काळजी घ्यावी. पाणी ६० अंशांपर्यंत तापवून पहिले पाणी नळाने सोडून द्यावे आणि त्यानंतरच आंघोळ करावी. पाण्याच्या फिल्टरची पहिली टाकीही पिण्यासाठी वापरू नये. फ्रीज सुरू केल्यावर तो पुरता थंड व्हायला काही तास लागतात. रात्री उशिरा पोहोचल्यास दूध सकाळीच आणलेले बरे.