सायकल मिळाली, पण रस्त्याचं काय? पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी झटणारे स्वयंसेवक नेमकं काय करतात?

गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यात राहणारी एखादी गरजू मुलगी आठवीत जाते. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत आहे. अशा मुलीला मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी पैसे मिळतात. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी ही योजना आहे. राज्यातल्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत हा कार्यक्रम चालतो आणि त्यात गोंदिया जिल्हाही आहे. ज्यांची शाळा लांब आहे, त्यांच्यासाठी एसटीची निळी बस असते. अंतरामुळे मुलींची शाळा सुटू नये, हा यामागचा हेतू.

हेतू चांगला आहे. पण सायकल देणारा विभाग वेगळा आणि रस्ता बांधणारा विभाग वेगळा. ती मुलगी सायकल घेऊन निघते तेव्हा त्याच रस्त्यावर धानाची पोती भरलेले ट्रॅक्टर असतात, टिप्पर असतात, घाईत असलेल्या दुचाकी असतात. साइडपट्टी खचलेली असेल, तर मागून हॉर्न वाजल्यावर तिने उतरायचं कुठे? या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच योजनेत लिहिलेलं नाही.

तिची बाजू कुणीतरी मांडावी लागते. जगभरात आणि महाराष्ट्रातही हे काम बहुतेक वेळा बिनपगारी स्वयंसेवकांनी केलं आहे.

सायकल चालवतं कोण?

सायकलप्रेमी म्हटलं की हेल्मेट, चमकदार जर्सी आणि महागडी गिअरची सायकल डोळ्यांसमोर येते. आकडे वेगळं चित्र दाखवतात.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. दुचाकी २१ टक्के कुटुंबांकडे होती आणि कार ५ टक्क्यांहून कमी. याच जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना विचारलं होतं, कामाला कसे जाता? सुमारे २३ टक्के लोक पायी जात होते आणि १३ टक्के सायकलने. कारने जाणारे ३ टक्केही नव्हते.

त्यानंतर दुचाकी खूप वाढल्या हे खरं. तरीही पायी आणि सायकलने जाणाऱ्यांत आजही शाळकरी मुलं, मजूर, भाजीवाले, घरकाम करणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं मोठ्या संख्येने आहेत. ते छंद म्हणून सायकल चालवत नाहीत, त्यांच्याकडे दुसरं साधन नसतं. आणि निवेदन घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढायला त्यांनाच सगळ्यात कमी वेळ असतो. एका खेपेला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते.

त्यांना धोका मात्र मोठा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मरण पावले. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक जण पायी चालत होता.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

बऱ्याच जणांना वाटतं, फुटपाथ म्हणजे पैसे उरले तर करायची सोय. तसं नाही.

कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं, की वापरण्याजोगा फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३८ (१अ) आलं. त्यानुसार पादचारी आणि सायकलींबाबत राज्य सरकार नियम करू शकतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं.

मोजमापंही ठरलेली आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. मोकळी म्हणजे मधे खांब नाही, डीपी नाही, टपरी नाही. बाजारपेठेत त्याहून जास्त रुंदी हवी. नगरपरिषदेकडे जाताना हा आकडा माहीत असला की बोलणंच बदलतं. ‘फुटपाथ खराब आहे’ ही तक्रार झाली. ‘इथे १.८ मीटर हवेत, आहेत ०.७’ ही नोंद झाली, आणि नोंदीला उत्तर द्यावं लागतं.

स्वयंसेवकांनी कुठे काय केलं?

सगळ्यात मोठं उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम चालू होती. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा त्या मोहिमेचाच भाग केला. शिकवलं मात्र गावोगावच्या साक्षरता कार्यकर्त्यांनी. लाखभर ग्रामीण महिला सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे देशासमोर आणलं. पाणी आणणं, बाजारात जाणं, मुलांना शाळेत सोडणं यासाठी आता घरातल्या पुरुषाची वाट पाहावी लागत नव्हती.

महाराष्ट्रात पुण्याचा अनुभव महत्त्वाचा आहे. ‘परिसर’सारख्या संस्था आणि ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’सारखे नागरिक गट तिथे अनेक वर्षं पाठपुरावा करत आले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन ठरला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून लोकांना चालायला मोकळा केला जातो. पण कागदावरचं धोरण रस्त्यावर पूर्ण उतरलेलं नाही, म्हणून तिथला पाठपुरावा अजून संपलेला नाही.

‘बायसिकल मेयर’ ही पदवी तुम्ही ऐकली असेल. ॲमस्टरडॅमच्या ‘बिक्स’ या संस्थेचा हा उपक्रम आहे. हे निवडणुकीतलं पद नाही, पगार नाही, अधिकार नाहीत. शहरात सायकलीच्या बाजूने बोलणारा ओळखीचा चेहरा असावा एवढंच. मुंबईत फिरोझा सुरेश यांनी ही जबाबदारी घेतली, नागपूरमध्ये दीपांती पाल यांनी.

२०२० मध्ये केंद्राने ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धा जाहीर केली. पहिल्या टप्प्यात निवडलेल्या ११ शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. कोणत्या रस्त्यावर काय अडचण आहे हे रोज सायकल चालवणाऱ्यांना विचारणं, हा त्या स्पर्धेचाच एक भाग होता.

आणि नेदरलँड्स? तिथेही सायकलींचे रस्ते आपोआप आले नाहीत. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. संतापलेले पालक रस्त्यावर बसले. तिथला बदल त्या आंदोलनानंतर आला.

गोंदियाला हे नवीन आहे का?

मुद्दा नवा असेल, पद्धत मात्र जिल्ह्याच्या ओळखीची आहे. सारस पक्ष्याचंच बघा.

‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते आणि सारस मित्र वर्षानुवर्षं भल्या पहाटे तळ्याकाठी आणि धानाच्या बांध्यांत उभे राहून सारस मोजतात. शेतकरी त्यांना घरट्यांची माहिती देतात. पक्षी किती आहेत आणि कुठे आहेत हे आकड्यांत सांगता आलं, म्हणून प्रश्न पुढे गेला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संवर्धन समित्या झाल्या.

ज्याची मोजणी होते, त्याची दखल घेतली जाते. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलींची अशी मोजणी सहसा कुणी करत नाही. रस्ता रुंद करायचा असतो तेव्हा वाहनांची वर्दळ मोजतात. पायी जाणारे त्या हिशेबात येतातच असं नाही.

सुरुवात कुठून करायची?

एक जागा निवडा. पूर्ण जिल्हा नाही, शहरही नाही. एका शाळेकडे जाणारा एकच रस्ता घ्या किंवा रुळांच्या दोन बाजूंना जोडणारी एखादी वाट. गोंदिया शहर रेल्वेमार्गाने दुभागलेलं आहे, त्यामुळे अशा वाटांवर पायी माणसांची गर्दी असते.

मोजा. शाळा भरताना आणि सुटताना, दोन-तीन वेगवेगळे दिवस. पायी किती, सायकलने किती, त्यांत मुली किती. साइडपट्टी कुठे खचली, दिवा कुठे बंद, झुडूप कुठे रस्त्यावर आलं, याचे तारखेसह फोटो ठेवा.

रस्ता कुणाचा ते शोधा. बहुतेक निवेदनं इथेच अडकतात. शहरातले अंतर्गत रस्ते नगरपरिषदेचे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे. कोहमारा आणि देवरीवरून जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग राष्ट्रीय. चुकीच्या कार्यालयात दिलेला कागद महिनोन्महिने फिरत राहतो. कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

छोटी मागणी करा. ‘सायकल ट्रॅक द्या’ म्हटलं की निधी नाही हे उत्तर ठरलेलं. साइडपट्टी भरणं, झुडपं छाटणं, शाळेसमोर गतिरोधक आणि झेब्रा पट्टे, दिवा दुरुस्ती ही कामं तुलनेने कमी पैशांत होतात. शाळेजवळ वेगमर्यादाही मागता येते. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवलेली आहे.

योग्य टेबलावर ठेवा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन आणि बांधकाम विभाग तिथे एकत्र बसतात. निवेदनाची एक प्रत तिथे द्या. खर्चाचं काम असेल तर नगरपरिषदेचा अर्थसंकल्प मंजूर होण्याआधी जा. नंतर गेलात तर वर्षभर थांबावं लागतं.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण, काम रॅलीपुरतं राहतं. रविवारी सकाळी शंभर जणांनी सायकल चालवली तर उत्साह वाढतो, ओळखी होतात. पण सोमवारी सकाळी रस्ता तसाच असतो. त्या शंभर जणांतल्या पाच जणांनी महिन्यातून एकदा कचेरीत जाऊन ‘आमच्या अर्जाचं काय झालं?’ विचारलं, तर रॅलीचा उपयोग झाला.

दुसरी, बोलणारे आणि सोसणारे वेगळे असतात. गटात फक्त डॉक्टर, व्यापारी आणि प्राध्यापक असले, तर मागणी सकाळच्या फेरफटक्याच्या ट्रॅकची होते. शाळेतल्या मुली, भाजीवाला, मजूर यांना आधी विचारलं तर मागणी वेगळी येते. अंधाऱ्या वळणावर दिवा हवा, दारूच्या दुकानासमोरून जावं लागू नये, पंक्चर काढणारा जवळ हवा.

तिसरी, रंगाची पट्टी. रस्त्याच्या कडेला रंग मारून सायकल मार्गिका जाहीर करणं सोपं असतं. अडथळा नसेल तर थोड्याच दिवसांत तिथे गाड्या उभ्या राहतात आणि ‘सायकलवाले तर येतच नाहीत’ असं म्हणायला जागा मिळते.

शेवटची, माणसं दमतात. अधिकारी बदलतो, फाइल नव्याने समजवावी लागते. म्हणून एकट्याच्या जोरावर चालणारं काम टिकत नाही. फोटो, आकडे आणि पत्रांच्या पोच एका फाइलमध्ये असल्या, तर दुसरा माणूस तिथून पुढे जाऊ शकतो.

मानव विकासच्या पैशांतून आलेली सायकल अंगणात उभी असते. ती रोज बाहेर निघते की नाही, हे घरचे ठरवतात. रस्त्याची भीती वाटली की सायकल भावाकडे जाते आणि मुलगी घरी राहते. एका शाळेच्या वाटेवरची साइडपट्टी भरून घेणं हे काम छोटं दिसतं. त्या वाटेने जाणाऱ्या मुलींसाठी मात्र त्यावर बारावीपर्यंतची वर्षं अवलंबून असतात.