काचेवर नाव कोरायचंय? मग लेझर कोणता घ्याल?

अलिबाग-मुरूडकडे होमस्टे आहेत, लग्नं आहेत. नाव कोरलेल्या ग्लासांना गिऱ्हाईक मिळू शकतं. पण मशीन घेताना माझी चूक तुम्ही करू नका. स्वस्त पडतो म्हणून मी निळा डायोड लेझर घेतला. पहिला ग्लास ठेवला, मशीन फिरलं, आणि काचेवर साधा ओरखडा नाही!

कारण सोपं आहे. डायोडचा ४५० आणि फायबरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण पारदर्शक काचेतून आरपार जातो. काचेला काळा रंग लावून डायोडने काम होतं, पण पन्नास ग्लास रंगवा, वाळवा, धुवा. नफा मेहनतीतच जातो.

सीओटू लेझरचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण मात्र काच शोषून घेते. वरच्या थरात बारीक तडे जातात आणि पांढरी अक्षरं उमटतात. पॉवर कमी ठेवा, काचेवर ओला टिश्यू लावा, म्हणजे कपचे कमी उडतात. गोल ग्लासासाठी रोटरी लागेलच. यूव्ही लेझर आणखी सुबक कोरतो, पण महाग, सुरुवातीला नको.

शेवटचं सांगतो. स्वतःचा ग्लास घेऊन विक्रेत्याकडे जा, समोर कोरून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.